इतर हक्क

बेगमपुऱ्यातली मुन्सिफाची कोठी.
सकाळी साडेसातलाच टेप उलगडला,
मे महिन्यात नऊनंतर पोलादी टेप हातात धरवत नाही.
रस्ता बारा मीटर होणार.
नकाशावरची लाल रेघ दर्शनी भिंतीतून
आत शिरते तीन मीटर वीस सेंटीमीटर:
ओसरी, एक खोली,
आणि जिन्याच्या पहिल्या चार पायऱ्या.
पाचवी पायरी नियमात बसते.

भिंत दोन हात जाड. वीट, चुना,
आणि पोटात खापरी नळ.
खामपलीकडच्या डोंगरातलं पाणी
कधीकाळी जमिनीखालून चालत इथवर यायचं
आणि रस्त्याच्या बाजूला बाहेर पडायचं
दगडी वाघाच्या तोंडातून.
वाघाचा एक कान गेलाय.
जबड्यात आता पितळी तोटी.

दफ्तरात फसली १३२७ चा उतारा निघाला, उर्दूतला.
निवृत्त मुईनचाचांना चहावर बोलावलं,
त्यांनी भिंग धरून सावकाश वाचला.
मालक, राय हरप्रसाद मुन्सिफ. चतुःसीमा.
मग शेवटचा रकाना, इतर हक्क:
या भिंतीचं पाणी आम लोकांचं,
मालकास अडवता येणार नाही.
मला ते वाक्य फार आवडलं.
वहीत उतरवून घेतलं, आणि आज
कोठीच्या मालकीणबाईंना
जरा फुशारकीनंच वाचून दाखवलं.

कौसल्या खिल्लारे, टेलिफोन खात्यातून निवृत्त.
समोरचा पुरता थांबेपर्यंत थांबतात
आणि मग बोलतात, जणू आत्ताच लाइन जोडली.
“आम म्हणजे कोण हो?
माझा आजा पळशीचा वेसकर.
सरकारी दप्तराची गाठोडी डोक्यावर घेऊन
चार कोस चालत याच दारात आणायचा.
गाठोडं उतरवलं की त्या तिथं उभा राहायचा, लांब,
कुणीतरी वरून ओतेल म्हणून.
वाघ हाच. तोंड तेव्हाही उघडंच होतं.”

मी वही मिटली.
टेप आपणहून सर्रकन आत गेला.

“बापानं एकसष्ट साली दर्शनी भाग घेतला.
मालधक्क्यावरचा पगार, आईच्या पाटल्या.
खरेदीखतात आधी भिंत लिहायला लावली,
खोल्या नंतर.
तोवर नळ आटला होता.
मग नगरपालिकेचं कनेक्शन घेतलं
आणि पाइप मागून वाघाच्या घशात घातला.
सकाळी सहाला चावी फिरवायची, बिल आपलं.
पहिल्या दिवशी गल्लीतलं कुणी आलं नाही.
दुसऱ्या दिवशी कुंभाराचं गाढव आलं,
पोटभर पिऊन गेलं. बाप हसून हसून खाली बसला.
तिसऱ्या दिवशी पिंजाऱ्याची मेहरुन्निसा आली घागर घेऊन.
पुढं कोण कधी आलं,
ते काही मी लिहून ठेवलं नाही.”

आता शहराला आठव्या दिवशी पाणी. आज आठवा.
आम्ही बोलत होतो तेवढ्यात रांग लागली,
निळे कॅन, तेलाचे डबे, एक बाळाची अंघोळीची टोपली.
वाघाकडे कुणी बघत नाही, सगळे मोबाइलमध्ये.
त्याच्या घशात आधी हवा खरवडली,
मग गढूळ, मग नितळ.
त्या म्हणाल्या, “तुम्ही प्या आधी, उन्हाचे आलात.”
ओंजळ धरली.
माझ्या फॉर्ममध्ये बांधकाम आहे, विहीर आहे,
फळझाडं आहेत आणि बिगरफळझाडं.
तोटीचा रकाना नाही.

शेरा लिहिला:
भिंत ओली असल्याने माप घेता आले नाही. फेरमोजणी.
ओली होती ती जेमतेम वीतभर, वाघाच्या हनुवटीखाली.

बाईंनी कागद उलटा असूनही वाचला.
“कधी?”
“मंगळवारी.”
“मंगळवारी,” त्या म्हणाल्या, “पाणी नसतं.”